आधी छप्पर: घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या पुण्यातल्या बाईसाठी घराच्या हक्काची वाट

घरात मारहाण होते हे उघड झालं की माहेरचे, सासरचे, पोलिस ठाण्यातले, सगळे एकच विचारतात: "नांदायचंय की सोडायचंय?" या प्रश्नाचं उत्तर आज तुमच्याकडे नसेल तरी काही अडत नाही. आज रात्री कुठे झोपायचं आणि पुढचं वर्ष कुठे राहायचं, हे ठरवायला ते उत्तर लागतच नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. राहण्याचा हक्क आणि लग्न टिकणं-मोडणं या दोन गोष्टी तो वेगळ्या ठेवतो. घटस्फोटाचा अर्ज न करता, फौजदारी गुन्हा न नोंदवता, नुसता राहण्याचा आदेश मागता येतो. तरीही बहुतेक अर्जांत पोटगीवर पानंच्या पानं असतात आणि घराबद्दल शेवटी एक ओळ. न्यायालय मागितलं तेवढंच देतं, त्यामुळे घराची मागणी आधी आणि नीट मांडायची.

हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्री, मुलगी, बहीण, आई, विधवा भावजय, जी कुणी त्या घरात नात्याने राहते किंवा राहिलेली आहे, ती अर्ज करू शकते. अर्ज कुणाविरुद्ध करायचा यावर पूर्वी "सज्ञान पुरुष" अशी मर्यादा होती. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१६ मध्ये काढली. आता सासू, नणंद यांनाही गैरअर्जदार करता येतं.

आज रात्रीचं काय

जिवाला धोका असेल तर ११२. पुण्यात हा फोन कुठल्या ठाण्याकडे जाईल याची काळजी करू नका, पण नंतर लेखी अर्ज देताना हद्द कळलेली बरी. कोथरूड, हडपसर, येरवडा, वाघोली हा भाग पुणे शहर पोलिसांकडे. वाकड, हिंजवडी, भोसरी, चाकण, तळेगाव पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. बारामती, जुन्नर, खेड, भोर वगैरे पुणे ग्रामीणकडे. चुकीच्या ठाण्यात गेलात आणि "आमची हद्द नाही" असं ऐकावं लागलं, तर दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलिस स्वतःहून करू शकतात अशा गुन्ह्याची) तक्रार कुठल्याही ठाण्याने शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवायची असते, हे सांगा.

ठाण्यात बऱ्याचदा "कौटुंबिक मामला आहे, एनसी घेतो" असं म्हणतात. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. अंगावर जखमा असतील तर तेवढ्यावर थांबू नका. पण तो दिवस तिथेच संपणार असं दिसलं, तर एनसी तरी घ्या आणि प्रत मागून घ्या. पुढे न्यायालयात त्या तारखेचा कागद म्हणून ती कामाला येते. जखम असेल तर ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा पिंपरीचं वायसीएम गाठा आणि डॉक्टरांना कारण खरं सांगा. "जिन्यावरून पडले" असं एकदा केसपेपरवर लिहिलं गेलं की ते पुसता पुसत नाही.

निवाऱ्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन. ती सखी वन स्टॉप सेंटरशी जोडून देते. तिथे मुलांसह साधारण पाच दिवसांपर्यंत राहता येतं, शिवाय समुपदेशन, वैद्यकीय मदत आणि वकिलाशी गाठ तिथेच पडते. पाच दिवस हा काळ फार थोडा. त्यामुळे पोचलात त्याच दिवशी पुढच्या जागेची मागणी नोंदवा: शासनाची 'शक्ती सदन' गृहं, महिला वसतिगृहं किंवा स्वयंसेवी संस्थांचे निवारे. पुणे परिसरात वढू बुद्रुकची 'माहेर' ही संस्था १९९७ पासून स्त्रिया आणि मुलांना आसरा देते. इतर निवाऱ्यांचे पत्ते इथे मुद्दाम दिलेले नाहीत. ते फोनवरून किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडूनच (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडूनच) घ्यावेत.

निवाऱ्याच्या दारात दोन गोष्टींवरून अडवणूक होते. एक, "आधी पोलिसांचं पत्र आणा." कायद्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की घटनेचा अहवाल आधी दाखल केलेला नाही एवढ्या कारणावरून निवारागृहाला प्रवेश नाकारता येत नाही. तुमची इच्छा असेल तर तुम्ही तिथे आहात हे समोरच्या माणसाला कळवायचं नाही, असंही त्यातच आहे. ही इच्छा लेखी द्या. दुसरी अडवणूक मुलाच्या वयावरून होते आणि ती खरोखरच त्रासाची आहे. मुली कुठल्याही वयाच्या असल्या तरी सहसा चालतात. मुलग्यांसाठी मात्र कुठे आठ, कुठे बारा वर्षांची मर्यादा असते. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा बरोबर असेल तर निघण्याआधीच फोनवर विचारा. नाहीतर रात्री दहाला दारात उभं राहून मुलाला कुठे पाठवायचं, हे ठरवावं लागतं. अशा वेळी १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही उपयोगी पडते.

आसरा माहेरी किंवा मैत्रिणीकडे घेतलात तरी एक काम चोवीस तासांत उरका. जवळच्या ठाण्यात लेखी अर्ज द्या: "अमुक तारखेला मारहाणीमुळे मला घर सोडावं लागलं, माझा घरावरचा हक्क मी सोडलेला नाही." दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "ती स्वतःच्या मर्जीने निघून गेली" हा नवऱ्याकडच्यांचा ठरलेला बचाव असतो, आणि त्याला सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे हा एक कागद.

निघायला थोडे दिवस हातात असतील तर

आधार, पॅन, लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका आणि फोटो), मुलांचे जन्मदाखले, शाळेची कागदपत्रं, पासबुक, औषधांच्या चिठ्ठ्या यांचे फोटो काढून नव्या ईमेलवर ठेवा. त्या ईमेलचा पासवर्ड घरातल्या कुठल्याही फोनमध्ये साठवलेला नको. दागिन्यांचे फोटो आणि पावत्याही ठेवा, कारण स्त्रीधन परत मागण्याची तरतूद याच कायद्यात आहे आणि यादी नसेल तर ती मागणी हवेत राहते. विजेचं बिल, सोसायटीची मेंटेनन्सची पावती, भाडेकराराची प्रत, यांतला तुमच्या पत्त्याचा एक तरी पुरावा मूळ स्वरूपात बरोबर घ्या. तुम्ही त्या घरात राहत होता हे यावरूनच सिद्ध होतं.

फोनकडे बायकांचं हमखास दुर्लक्ष होतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून अनोळखी जोडण्या काढा. गुगल खात्यावर लोकेशन कुणाला दिसतंय ते पाहा, खाणं मागवायच्या अ‍ॅपमधला पत्ता पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचं, तुमच्या आधारला कुणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे? तो नवऱ्याचा असेल तर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातील. बँक, भाडेकरार, शासकीय योजना, सगळं तिथेच अडेल. आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन नंबर बदलता येतो, पण तो चढायला दिवस लागतात, म्हणून हे काम आधी करा.

घर नक्की कुणाचं आहे, हे शोधून काढा

कायद्यातला शब्द आहे 'सामायिक घर'. ज्या घरात तुम्ही नात्याने राहत होता ते घर, मग ते मालकीचं असो की भाड्याचं, तुमच्या नावावर असो वा नसो. त्या घरातून कायदेशीर प्रक्रियेशिवाय तुम्हाला बाहेर काढता येत नाही. तरीसुद्धा कागदावर कुणाचं नाव आहे हे कळायला हवं, कारण त्यावरून मागणी बदलते. फ्लॅट असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स-टू (नोंदलेल्या खरेदीखताचा गोषवारा) मिळतो. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८, जमिनीला सातबारा, शहरातल्या जुन्या मिळकतीला मालमत्ता पत्रक. महापालिकेच्या मिळकतकराच्या बिलावर नाव असतं, पण ते मालकीचा पुरावा धरलं जात नाही.

घर नवऱ्याच्या नावावर असेल तर प्रकरण त्यातल्या त्यात सरळ. तुम्हाला बाहेर काढू नये, घर विकू नये, गहाण टाकू नये आणि गरज पडली तर त्याने स्वतः बाहेर पडावं, असे आदेश मागता येतात. गृहकर्ज चालू असेल तर एक धोका असतो. तो हप्ते भरायचं थांबवतो आणि सहा महिन्यांनी दारावर बँकेची नोटीस लागते. कर्जात तुम्ही सहकर्जदार असाल तर वसुली तुमच्याकडेही येते. म्हणून हप्ते त्यानेच भरत राहावेत अशी मागणी अर्जात वेगळी लिहा. भाडं आणि इतर देणी कुणी भरायची हे ठरवण्याचा अधिकार याच कायद्याचं कलम १९ न्यायालयाला देतं.

घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असेल तर अजूनही कुणीतरी "सासऱ्याच्या घरावर सुनेचा हक्क नाही" असं छातीठोकपणे सांगतं. तसा एक निकाल सर्वोच्च न्यायालयाने पूर्वी दिला होता खरा, पण १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या निकालाने तो बदलला. घर नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर असू शकतं. मात्र हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. घरात म्हातारे सासू-सासरे असतील तर न्यायालय दोन्ही बाजू तोलतं आणि कधीकधी "नवऱ्याने दुसरीकडे घर घेऊन द्यावं" असा तोडगा काढतं. म्हणून अर्जात पर्यायी मागणी ठेवाच. आणि घर ज्यांच्या नावावर आहे त्यांना गैरअर्जदार करायला विसरू नका. फक्त नवऱ्याविरुद्ध आदेश घेतला तर सासरे "मला कुणी विचारलंच नाही" म्हणून कुलूप लावून मोकळे होतात. याउलट नगरला नांदणारी नणंद, चुलत दीर, त्याची बायको अशी सगळ्यांची नावं घालण्याचा मोह टाळा. प्रत्येकाला नोटीस बजावण्यात महिने जातात आणि खरी तक्रार पातळ होते.

सासू-सासऱ्यांकडून हल्ली आणखी एक डाव येतो. ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडे (महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अर्ज करून सुनेला घराबाहेर काढण्याचा आदेश मिळवायचा. नोटीस आली की "हे काहीतरी महसूलचं दिसतंय" म्हणून बाजूला ठेवू नका. तारखेला हजर राहा, कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज प्रलंबित असल्याची प्रत द्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या एस. वनिता निकालाचा आधार घ्या. ज्येष्ठ नागरिक कायदा वापरून सुनेचा राहण्याचा हक्क डावलता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

भाड्याच्या फ्लॅटची गोष्ट निराळी. पुण्यात बहुतेक करार अकरा महिन्यांचे लीव्ह अँड लायसन्स. करार नवऱ्याच्या नावावर, डिपॉझिट त्याने भरलेलं. तो मालकाला महिन्याची नोटीस देतो, डिपॉझिट उचलतो आणि तुम्ही मुलांसह अनोळखी माणसाच्या घरात 'विनाकरार' राहणाऱ्या ठरता. न्यायालय नवऱ्याला करार मोडू नको, भाडं भर असं सांगू शकतं. पण करार संपल्यावर मालकाला घर परत घेण्यापासून रोखणं अवघड असतं. म्हणून कराराची शेवटची तारीख पाहा. ती दोन-तीन महिन्यांवर असेल तर त्याच घरासाठी भांडण्यापेक्षा तशाच दर्जाचं दुसरं घर किंवा त्याचं भाडं मागणं शहाणपणाचं.

पेठांमधल्या वाड्यांत, जुन्या चाळींत भाडेकरूपणाला पैशाची किंमत असते. बिल्डर पुनर्विकासाला आला की सासरे किंवा नवरा 'भाडेहक्क सोडत आहे' असं लिहून देतात आणि मोबदला घेऊन मोकळे होतात. कलम १९ मध्ये नेमकी यावरच मनाई मागता येते: न्यायालयाच्या परवानगीशिवाय घरावरचे हक्क सोडू नयेत. वाड्याला बिल्डरची पाटी लागली असेल तर ही ओळ अर्जात पहिली असू द्या आणि आदेशाची प्रत घरमालक आणि बिल्डर दोघांना पोचवा. झोपडपट्टी पुनर्वसनातही असंच लक्ष लागतं. पुनर्वसनाची सदनिका साधारणपणे पती-पत्नीच्या संयुक्त नावावर दिली जाते, पण परिशिष्ट-दोन (पात्र झोपडीधारकांची यादी) तयार होताना तुमची नोंद झालेली आहे का, हे स्वतः जाऊन पाहिलेलं बरं.

खडकी-देहूरोडच्या कारखान्यांची क्वार्टर्स, पोलिस लाइन, रेल्वेची घरं यांत राहत असाल तर घर नोकरीला बांधलेलं आहे. बदली झाली, निवृत्ती आली की ते जातं. तिथे घरासाठी हट्ट न धरता भाड्याची रक्कम मागा, आणि ती पगारातून थेट खात्यात यावी असा आदेश मागा. पगारदार माणूस असेल तर त्याला नोकरी देणाऱ्याला तसं सांगण्याची मुभा कायदा न्यायालयाला देतो.

अर्ज

दोन वाटा आहेत. पहिली, संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन घटनेचा अहवाल (नमुना १) भरून घ्यायचा. तो भरण्याला पैसे लागत नाहीत. हे अधिकारी महिला व बालविकास विभागाचे. क्वीन्स गार्डनच्या आयुक्तालयात जाऊन पुष्कळ बायका परत पाठवल्या जातात, कारण ते राज्याचं मुख्यालय आहे. तुम्हाला हवं ते जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याचं कार्यालय. १८१ वर किंवा पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये (महिलांच्या तक्रारी पाहणाऱ्या कक्षात) तुमच्या भागाचा संरक्षण अधिकारी कोण ते कळतं. दुसरी वाट, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नमुना २ मधला अर्ज. अहवाल नसला तरी अर्ज चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात सांगितलं आहे. त्याच निकालात हेही आहे की अर्जाच्या वेळी तुम्ही त्या घरात प्रत्यक्ष राहत असणं आवश्यक नाही.

वकील परवडत नसेल तर शिवाजीनगरच्या न्यायालय आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) मेट्रो स्थानकावरून चालत जाता येतं. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे नोकरी करता म्हणून कुणी परत पाठवलं तर ते चूक आहे. फोनवर चौकशीसाठी १५१००.

अर्ज कुठे? जिथे नवरा राहतो तिथे, जिथे घटना घडली तिथे किंवा तुम्ही आज तात्पुरत्या राहता तिथेही. लातूर-सोलापूरहून भावाकडे धायरीला आलेल्या बाईला तारखांसाठी परत लातूरला जावं लागत नाही. कुटुंब न्यायालयात घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल तर हीच मागणी तिथेही करता येते.

आता मागण्या. वकिलाने तयार नमुन्यातला मसुदा आणला की तो वाचून घ्या. "राहण्याची सोय करून मिळावी" या वाक्याने काहीही मिळत नाही. मागणी अशी हवी: "अर्जदारास व तिच्या दोन अपत्यांना सदनिका क्र. अमुक, इमारत अमुक, सर्व्हे क्र. अमुक, येथून बेदखल करण्यास, कुलूप बदलण्यास, वीज, पाणी व गॅसची जोडणी तोडण्यास गैरअर्जदार क्र. १ ते ३ यांना मनाई करावी. दक्षिणेकडील शयनगृह, स्वयंपाकघर व स्वच्छतागृह वापरण्यास अडथळा करू नये. आदेशापासून तीन दिवसांत किल्ली द्यावी. अंमलबजावणीस अमुक पोलिस ठाण्याने सहाय्य करावे. पर्यायाने, दरमहा रुपये अमुक घरभाडे व डिपॉझिटची रक्कम द्यावी." खोली, किल्ली, मुदत, ठाण्याचं नाव. हे नसेल तर आदेश घेऊन दारात गेल्यावर पोलिस "आत कुठे राहायचं ते यात नाही" म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ते चुकीचंही बोलत नसतात.

याच्या जोडीला कलम १८ चा संरक्षण आदेशही, म्हणजे हिंसा आणि त्रास देण्याला मनाई करणारा आदेश, मागाच. तो मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होतात. कलम ३१ चे शब्द 'संरक्षण आदेशा'बद्दल आहेत. नुसता निवासाचा आदेश हातात असेल तर तो मोडल्यावर शिक्षेचं कलम लागू होतं का, यावर वाद घातला जातो. दोन्ही आदेश एकत्र असले की तो वादच उरत नाही. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा: "घराबाहेर हो" असा आदेश पुरुषाविरुद्ध मिळतो, सासू-नणंदेविरुद्ध मिळत नाही. त्यांना तुमच्या खोलीत येण्यापासून, त्रास देण्यापासून रोखता येतं.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून खूपच जास्त वेळ जातो. म्हणून अंतरिम (निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशासाठीचा) अर्ज आणि नमुना ३ चं शपथपत्र पहिल्याच दिवशी लावा. धोका तातडीचा असेल तर समोरच्याला न ऐकताही आदेश होऊ शकतो. तारखा वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण नोटीस न बजावली जाणं. नवऱ्याचा घरचा पत्ता, कंपनीचा पत्ता, फोन, ईमेल, सगळं द्या. पैशाच्या मागण्यांसाठी दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र भरावं लागतं. त्यात स्वतःचं शिवणकामाचं किंवा खासगी शिकवणीचं उत्पन्न लपवू नका. उलटतपासणीत ते निघालं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

भरोसा सेलमध्ये किंवा ठाण्यात समुपदेशनाला बोलावतील. जायला हरकत नाही, 'नारी समता मंच'सारख्या संस्थेच्या समुपदेशकाचा सल्ला आधी घेतलात तर उत्तम. पण तिथे पुढे केलेला कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करायची नाही. "स्वखुशीने माहेरी राहण्यास जात आहे", "घराबाबत काही मागणी नाही" ही वाक्यं त्यात सहज घुसवलेली असतात. घरी नेऊन वाचते म्हणा. तसं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आदेश हातात आल्यावर

आदेशाची प्रत तुम्हाला आणि संबंधित ठाण्याला विनामूल्य मिळते. शिवाय तुम्ही स्वतः जादा प्रती काढून सोसायटीच्या सेक्रेटरीला, कर्ज देणाऱ्या बँकेला आणि भाड्याचं घर असेल तर मालकाला द्या, प्रत्येकाची पोच घ्या. विक्री किंवा गहाणावर मनाई असताना सोसायटीने ना-हरकत पत्र दिलं तर पुढे ती अडचणीत येते, हे सेक्रेटरीला शांतपणे सांगितलेलं पुरतं. घरात परत जाताना एकट्या जाऊ नका, संध्याकाळीही नको. सकाळी, पोलिस शिपाई आणि एक साक्षीदार घेऊन जा. आत गेल्यावर खोल्यांचे तारखेसह फोटो काढा. लाइट कापली, नळ बंद केला, कुलूप बदललं, तर त्याच दिवशी लेखी कळवा. आठवड्यानंतर सांगितलेल्या गोष्टीला वजन राहत नाही. आदेश विरोधात गेला तर सत्र न्यायालयात अपिलाची मुदत तीस दिवस आहे.

इथे एक स्पष्ट सांगायला हवं. आदेश मिळाला म्हणून त्याच घरात जाऊन राहिलंच पाहिजे असं नाही. गळा दाबणं, शस्त्र, जाळण्याची धमकी यांतलं काही घडलं असेल, तर एकाच स्वयंपाकघराच्या वाटणीचा आदेश कागदावर कितीही चांगला दिसला तरी तो घेऊ नका. नवऱ्याने बाहेर पडावं किंवा तुम्हाला दुसऱ्या घराचं भाडं मिळावं, एवढंच मागा.

नवं भाड्याचं घर

"मिस्टर कुठे असतात?" हा प्रश्न येणारच. किती सांगायचं हे आधी ठरवा. "मी आणि मुलं राहणार, भाडं माझ्या पगारातून किंवा न्यायालयाच्या आदेशातून येईल" एवढं पुरे. डिपॉझिट साधारण दोन-तीन महिन्यांचं भाडं आणि एजंट मध्ये असेल तर त्याचं बहुतेकदा एक महिन्याचं भाडं, शिवाय पहिल्या महिन्याचं भाडं. म्हणजे बारा हजारांच्या घरासाठी पहिल्या दिवशी साठ हजारांपर्यंत रक्कम हाताशी लागते. न्यायालयात डिपॉझिट वेगळं मागायचं ते यासाठीच. करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, शिवाय नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. करारात लॉक-इनची अट नको, महिन्याच्या नोटिशीवर सोडता यावं. आदेश मिळून जुन्या घरी परतायची किंवा पत्ता फुटल्यामुळे घाईने हलायची वेळ येऊ शकते. भाडं खात्यातूनच द्या, पोटगीच्या सुनावणीत तो खर्चाचा पुरावा ठरतो.

पत्ता बहुतेकदा मुलांच्या शाळेतून फुटतो. शाळा सोडल्याचा दाखला मागताना जुन्या शाळेला नव्या शाळेचं नाव कळतं आणि वडील तिथे चौकशी करतात. संरक्षण आदेशात मुलांच्या शाळेत जायला मनाई मागा आणि त्याची प्रत नव्या मुख्याध्यापकांना द्या.

त्यापुढचं

नोकरी करत असाल तर 'सखी निवास' योजनेतली वसतिगृहं आहेत. भाडं एकटीच्या खोलीला पगाराच्या १५ टक्के, दोघींच्या खोलीला १०, सामूहिक खोलीला साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. जागा कमी आणि रांग लांब, म्हणून नाव आधीच नोंदवा.

स्वतःच्या घरासाठी म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडत आणि प्रधानमंत्री आवास योजना या दोन वाटा. दोन्हींत एकच खिळा बोचतो: कागदावर तुम्ही अजून विवाहित आहात. म्हाडाच्या अर्जात विवाहितेला जोडीदाराचं आधार आणि पॅन द्यावं लागतं, घटस्फोटितेला न्यायालयाचा हुकूमनामा. आवास योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं, आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाची मर्यादा वार्षिक तीन लाख. नवऱ्याच्या नावावर गावाकडे पक्कं घर असेल तर वेगळ्या राहणाऱ्या बाईचाही अर्ज तिथे अडतो. त्यामुळे घटस्फोटाचा निर्णय झालाच असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लगेच काढून ठेवा, आणि परस्पर संमतीचा घटस्फोट असेल तर घर, डिपॉझिट आणि कर्जाचे हप्ते यांची वाटणी संमतीच्या अटींतच लिहून घ्या. तोंडी ठरलेलं घर हुकूमनाम्यानंतर कुणी देत नाही.

रेशनकार्डासाठी मात्र थांबू नका. जुन्या कार्डातून नाव कमी करून स्वतंत्र कार्डाचा अर्ज तुमच्या परिमंडळाच्या अन्नधान्य वितरण कार्यालयात करा, सोबत नवा भाडेकरार आणि न्यायालयाच्या अर्जाची किंवा आदेशाची प्रत जोडा. नवऱ्याची सही आणा असं सांगितलं तर ते लेखी मागा.